आवाज कमी, गाणं जास्त!

गॅदरिंग झालं की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "बँड कुठला होता?" आणि दुसरा, "साउंड कसा होता?" दुसऱ्याचं उत्तर ठरलेलं. "अरे, छाती हादरत होती!" म्हणजे साउंड चांगला होता. ज्या वर्षी छाती हादरत नाही, त्या वर्षीच्या सेक्रेटरीला पुढे दोन वर्षं कँटीनमध्ये टोमणे खावे लागतात. गाणारा सुरात होता का, ड्रमरचा हात कसा होता, शब्द कळत होते का, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं नेमकं इथेच आहे. आपण गाणं ऐकायला जातो आणि आवाज ऐकून परत येतो. त्या व्यवहारात आपले कान खर्ची पडतात आणि उद्याचे इंजिनिअर म्हणवणारे आपण ही गोष्ट हसण्यावारी नेतो.

आता कुणीतरी म्हणेल, "ही बाई आली भजनी मंडळातून!" तर तसं नाही. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी हा विषय आठवड्यातून चार तास भेटायचा, त्यामुळे 'न' आणि 'ण'ची भानगड अजूनही पूर्ण सुटलेली नाही (संपादकांनी कृपया सांभाळून घ्यावं). घरात बाबांमुळे किशोरकुमार आणि आत्यामुळे नाट्यसंगीत, शाळेत क्वायर आणि अकरावीत एका मैत्रिणीच्या कृपेने हेवी मेटल, अशी माझी भेळ आहे. मला मोठ्या आवाजाचं गाणं आवडतं. बेस गिटार पोटात जाणवते तेव्हा मजा येते, हे खोटं कशाला बोलू? ढोल-ताशाच्या पथकासमोर उभं राहिल्यावर माझेही पाय थांबत नाहीत. माझी तक्रार मोठ्या आवाजाबद्दल नाही. 'मोठा म्हणजे चांगला' हे जे आपण न तपासता धरून चाललोय, त्याबद्दल आहे.

या विषयाकडे मी वळले ते एका अनुभवामुळे. फर्स्ट इयरला असताना दुसऱ्या एका कॉलेजच्या फेस्टला गेलो होतो. प्रो-नाइट होती, गर्दी तुफान. मधला भाग पासवाल्यांसाठी राखून ठेवला होता आणि आम्हा मुलींना स्वयंसेवकांनी डाव्या बाजूच्या बॅरिकेडच्या आत घातलं. त्या बाजूला एकावर एक रचलेले स्पीकर आणि त्यांच्यापासून आम्ही हातभर लांब. मागे सरकायला जागा नव्हती, बाहेर पडायला वाट नव्हती. जवळजवळ तीन तास आम्ही तिथेच. रात्री होस्टेलवर आल्यावर रूममेट काहीतरी सांगत होती आणि तिचं बोलणं मला कापूस कोंबल्यासारखं ऐकू येत होतं. कापूस दोन दिवसांनी गेला. पण डाव्या कानातली 'कुंईऽऽऽ' अशी बारीक शिट्टी तीन आठवडे राहिली. दिवसा गोंगाटात कळायची नाही. रात्री लाइट बंद केला की सुरू. परीक्षेच्या अभ्यासाला बसावं आणि कानात कुणीतरी रेडिओचं स्टेशन शोधत बसावं, असा प्रकार.

कानाच्या डॉक्टरांनी एका बंद खोलीत बसवून तपासणी केली आणि आलेख हातात दिला. डाव्या कानाची रेघ एका जागी खड्ड्यात गेल्यासारखी खाली गेली होती. महिन्याने परत तपासलं तेव्हा ती बरीचशी वर आली. डॉक्टर म्हणाले, "या वेळी परत आलं. दरवेळी येईलच असं नाही." या एका वाक्यामुळे मी सिग्नल्सच्या पुस्तकात जेवढा डेसिबल वाचला नव्हता, तेवढा पुढच्या महिन्यात वाचून काढला.

थोडं इंजिनिअरिंग, कंटाळू नका. डेसिबल ही सरळ मोजपट्टी नाही, लॉगॅरिदमची आहे. ९० आणि १०० यांत 'फक्त दहा'चा फरक दिसतो, पण ध्वनीची तीव्रता दहापट होते. ३ डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट. कानाला मात्र दहा डेसिबलची वाढ साधारण 'दुप्पट मोठा' एवढीच वाटते. मेख इथेच आहे. ऊर्जा दहापट आदळते आणि कान सांगतो, 'दुप्पट आहे, चालेल.' कामगारांच्या आरोग्याचा विचार करणारी 'नायोश' ही अमेरिकन सरकारी संस्था ८५ डेसिबलला रोजचे ८ तास ही मर्यादा सांगते आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. आता स्पीकरच्या पुढ्यातले आमचे तीन तास या तक्त्यात कुठे बसवायचे ते तुम्हीच ठरवा!

कानाच्या आत, शंखासारख्या वळलेल्या नळीत, सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. आवाजाची लहर आली की हे तंतू हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. शेतातून सारखं चाललं की गवत झोपतं, तसे हे तंतू मोठ्या आवाजाने झोपतात. एकदा तुडवलं तर गवत पुन्हा उभं राहतं. रोज तुडवलं की पायवाट पडते आणि तिथे पुन्हा काही उगवत नाही. माणसाच्या कानात या पेशी एकदा मेल्या की नव्याने तयार होत नाहीत. दात पडला तर कवळी आहे, डोळ्याला चष्मा आहे. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण मेलेली पेशी परत आणत नाही.

गंमत अशी की हे आपल्या अभ्यासक्रमात आहे. कारखान्यांसाठीच्या आदर्श नियमांत कामगाराला ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घालून दिलेली आहे. मेकॅनिकलवाले इंडस्ट्रियल व्हिजिटला जातात तेव्हा प्रेस शॉपच्या दारात त्यांच्या हातात इअर प्लग ठेवतात, आणि ते घालून सेल्फी काढतात! तीच पोरं संध्याकाळी प्रेस शॉपपेक्षा मोठ्या आवाजात कान उघडे ठेवून उभी. बरं, आपण निदान तिकीट काढून, हौसेने उभे असतो. स्पीकरच्या मागे खुर्ची टाकून बसलेले वॉचमनकाका, जनरेटरवरचा माणूस, पाण्याच्या बाटल्या विकणारा मुलगा, बॅरिकेड धरून उभे असलेले आपलेच फर्स्ट इयरचे स्वयंसेवक, यांनी तर हौसही केलेली नसते. तीन दिवस, रोज सहा सहा तास. त्यांच्या कानाचा हिशोब कुणाच्या रजिस्टरमध्ये आहे?

"पण कायदा आहे ना, दहा वाजता बंद करावंच लागतं." हो, आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर नाही. निवासी भागात आवाजाची पातळी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. पण हे नियम नीट वाचले तर लक्षात येतं की ते शेजाऱ्यांसाठी आहेत. आवाज मोजायचा तो मैदानाच्या हद्दीवर, जिथून पुढे लोकांची घरं सुरू होतात. ते योग्यच आहे, आजारी माणसाला आणि तान्ह्या बाळाला झोप हवीच. पण मैदानाच्या आत, पहिल्या रांगेत, आवाज किती आहे हे कोण मोजतं? कुणीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी मानक जाहीर केलं. १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही, पातळी सतत मोजत राहायची, प्रेक्षकांना कानाचं संरक्षण उपलब्ध करून द्यायचं, शांत बसायला एक कोपरा ठेवायचा. आपल्या गॅदरिंगच्या फाइलमध्ये डेकोरेशन, जेवण, पाहुण्यांचा हार यांचं सगळं आहे. आवाजाचं पान नाही.

असो. भीती घालून कुणी सुधारत नाही, हे मला व्हायव्हाच्या आदल्या रात्रीवरून माहीत आहे. म्हणून आता खरं सांगायचंय ते सांगते. आवाज वाढवला की गाणं कमी होतं!

हे मला दोन ठिकाणी कळलं. पहिलं म्हणजे सदाशिव पेठेतल्या एका घरगुती बैठकीत. आत्याने ओढून नेलं होतं. "तुला इंग्रजी गाणी कळतात, मग हे का नाही कळणार?" हा तिचा युक्तिवाद. जुनं घर, माडीवरची खोली, सतरंज्या, जेमतेम पंचवीस-तीस माणसं. माईक नाही, स्पीकर नाही. दोन तानपुरे, तबला, पेटी आणि एक गायिका. पहिली पाच मिनिटं मला वाटलं, हे फार हळू आहे. मग हळूहळू कान मोठा झाला, दुसरा शब्द सुचत नाही. तानपुऱ्याच्या चार तारांतून चारपेक्षा कितीतरी जास्त आवाज येत होते. वरती कुठेतरी एक बारीक सूर तरंगत होता, जो कुणीच छेडत नव्हतं. नंतर कळलं की तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा सरकवून ठेवतात, त्याने जवारी लागते आणि तारेतले वरचे हार्मॉनिक्स फुलतात. फूरिए सिरीज आम्ही एम-थ्रीला घोकली होती. ती ऐकू येते हे मला त्या माडीवर कळलं. हे तानपुरे बनवणारं मिरज आपल्याच महाराष्ट्रातलं, मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि आपण इंजिनिअरिंगची चार वर्षं काढतो, पण तो दोरा कुणी दाखवत नाही!

मध्येच शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. गायिका किंचित हसली आणि पुढे गेली. सगळे हसले. तिचा श्वास ऐकू येत होता, तबलजीच्या बोटांचं घासणं ऐकू येत होतं, समेवर येताना एक आजोबा "आहा" म्हणाले तेही त्या गाण्याचाच भाग होतं. एवढ्या सगळ्या गोष्टी त्या खोलीत होत्या, कारण त्यांना दाबणारा मोठा आवाज तिथे नव्हता.

यालाही शास्त्र आहे. मोठा आवाज जवळच्या लहान आवाजाला झाकून टाकतो, त्याला मास्किंग म्हणतात. शिवाय खालचे सूर वरच्या सुरांना जास्त झाकतात, आणि आवाज जितका मोठा तितकं हे झाकणं पसरतं. भाषेत अर्थ येतो तो बराचसा व्यंजनांतून. 'स', 'त', 'श' यांची ऊर्जा वरच्या कंप्रतेत असते, म्हणून बेस चढवला की सगळ्यात आधी शब्द बुडतात. मग आपण सगळे मिळून फक्त धृपद ओरडतो, कारण तेवढंच पाठ असतं. एमपी-थ्रीवाल्यांनी हेच मास्किंग हुशारीने वापरलं. जे झाकलं जाणारच आहे ते कमी बिट्समध्ये भागवायचं, म्हणजे फाइल लहान होते. आपल्या साउंडवाल्यांनी तर त्याही पुढे मजल मारली. फाइल नाही, आख्खा बँडच कॉम्प्रेस केला!

दुसरं ठिकाण म्हणजे सवाई. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव. भीमसेनजी २०११ मध्ये गेल्यानंतर त्यांचंही नाव त्याला जोडलं गेलं. कितीतरी वर्षं तो रमणबागेच्या मैदानावर व्हायचा, २०१८ पासून मुकुंदनगरला होतो. मी २०२४ च्या डिसेंबरात सबमिशन्स उरकून भारतीय बैठकीत जाऊन बसले. हजारो माणसं. शाली, स्वेटर, थर्मास, मांडीवर पेंगणारी मुलं. तिथे माईक आहे, स्पीकर आहेत, पडदेसुद्धा आहेत. पण प्रत्येक कलाकार येतो, बसतो आणि आधी पाच-सात मिनिटं तानपुरे लावतो. मग साउंडवाल्याकडे बघून म्हणतो, "तानपुरा थोडा वाढवा." बघा हं! "मला वाढवा" नाही, "तानपुरा वाढवा." हजारो लोक शांत राहून ते लावणं ऐकतात. आपल्या बँडच्या साउंड चेकला लोक शिट्ट्या मारतात.

आणि या महोत्सवाची सांगता कशाने होते माहिती आहे? सवाई गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने. भैरवी, तीन-साडेतीन मिनिटांची. खरखर आहे, बेस तर नावालाही नाही. आजच्या कुठल्याही इअरफोनच्या कंपनीने तो साउंड नापास केला असता. आणि मैदानभर माणसं ती निमूट ऐकतात. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या शेजारच्या काकू डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. साउंड क्वालिटी म्हणजे वॉट्स नव्हेत, हे मला त्या खरखरीने शिकवलं. ऐकणारा तयार असेल तर साडेतीन मिनिटांची खरखर पुरते.

याचा अर्थ माईक वाईट असं मी म्हणत नाही. कलकत्त्याला १९०२ मध्ये गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा कर्ण्यात तोंड घालून जोरात गावं लागायचं, कारण आवाजाच्या धक्क्यानेच सुई हलायची. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे माईक ध्वनिमुद्रणात आले आणि हळू आवाजात गाणं शक्य झालं. पुढची सिनेमातली सगळी नाजूक गाणी, अगदी कानाशी बोलल्यासारखी, ही माईकचीच देणगी. माईक हे भिंग आहे. बारीक गोष्ट मोठी करून दाखवण्यासाठी ते असतं. आपण त्याचा हातोडा केला.

आणि माईक यायच्या आधी काय होतं? आत्या सांगते तेव्हा मला नवल वाटतं. बालगंधर्व नाटकात गायचे तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं ते गळ्यावर. साथीला ऑर्गन, सारंगी आणि काही वर्षं अहमदजान थिरकवाँसारख्यांचा तबला! त्या काळचे प्रेक्षक काही मुके नव्हते, 'वन्स मोअर' देऊन नाटक पहाटेपर्यंत लांबवायचे. पण पद सुरू झालं की थांबायचे. म्हणजे साउंड सिस्टिमचा निम्मा भाग प्रेक्षकांतच बसलेला होता. आमच्या शाळेच्या चॅपलमध्येही हेच होतं. क्वायरला माईक नाही. सिस्टर म्हणायच्या, भिंतीला गाऊन दाखवा, भिंत लोकांना सांगेल. तेव्हा आम्ही हसायचो. आता रिफ्लेक्शन आणि रिव्हर्बरेशन वाचताना त्याच आठवतात.

आता विरोधकांचे मुद्दे घेऊ. पहिला मुद्दा, "रॉक काय माडीवर बसून ऐकायचं का?" नाही. पण मोठ्या आवाजाचं गाणं सगळ्यात जास्त वर्षं वाजवणारी माणसं काय करतात ते तरी बघा. कोल्डप्लेचा क्रिस मार्टिन अनेक वर्षांपासून कानातल्या त्या शिट्टीबद्दल, टिनिटसबद्दल, उघडपणे बोलतो आणि कानांना संरक्षण घालतो. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्याला ऐकायला आपल्या कॉलेजातून किती जण गेले होते! त्याचा टी-शर्ट आणला, त्याची सवय कुणी आणली नाही. 'द हू' या बँडची १९७६ मधली लंडनची मैफल १२६ डेसिबलची म्हणून गिनेस बुकात गेली होती. पुढे कानांना इजा होण्याला प्रोत्साहन नको म्हणून गिनेसने तो प्रकारच बंद केला. आणि त्याच बँडचा गिटारिस्ट पीट टाउनशेंड नंतर आयुष्यभर कानांच्या त्रासाबद्दल सांगत राहिला. अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये आपल्याला अचानक ऐकू येईनासं झाल्याचं जाहीर केलं. त्यांच्या बाबतीत कारण विषाणूचा संसर्ग असं सांगितलं गेलं, तरी त्याच निवेदनात त्यांनी चाहत्यांना मोठ्या आवाजाच्या संगीतापासून आणि हेडफोनपासून जपायला सांगितलं. आपलं कोण ऐकतो म्हणा, पण त्यांचं तरी ऐका.

दुसरा मुद्दा, "मागच्यांना ऐकू यायला हवं ना!" हा खरा इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे आणि याचं उत्तर आवाज वाढवणं हे नाही. उघड्यावर एका ठिकाणी ठेवलेल्या स्पीकरचा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे मागच्या माणसाला नीट ऐकू जावं म्हणून जमिनीवर रचलेला ढीग पेटवला, तर पुढचा माणूस भाजतो. त्याऐवजी स्पीकर उंचावर टांगायचे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या रांगेच्या अंतरातला फरक कमी होतो. मैदान लांब असेल तर मध्ये लहान स्पीकरचे खांब उभे करायचे आणि त्यांना थोडा डिले द्यायचा. आवाज ३४ मीटर जायला साधारण एक दशांश सेकंद घेतो, तेवढा. हे गणित आपल्यातला कुठलाही सेकंड इयरचा मुलगा करेल. करायला सांगत कोणी नाही, एवढंच.

स्टेजवरही एक गमतीदार भांडण चालू असतं. ड्रम्स मोठे, म्हणून गिटारवाला ॲम्प वाढवतो. त्यामुळे गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो मॉनिटर वाढवायला सांगतो. मग मिक्सरवाला बाहेरचे स्पीकर वाढवतो, नाहीतर स्टेजचाच आवाज पुढे ऐकू येतो. यात सगळे बरोबर असतात आणि गाणं मरतं. कुणीतरी एकाने आधी कमी करावं लागतं, होस्टेलच्या भांडणासारखं.

तिसरा मुद्दा, "लाइव्ह एवढं त्रासाचं असेल तर इअरफोन बरे." बरे, पण तिथेही हिशोब आहेच. आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसासाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही सुरक्षित मर्यादा. जगात १०० कोटींहून जास्त तरुणांच्या कानांना अशा ऐकण्यामुळे धोका आहे, असंही तीच संघटना सांगते. आपण बसमध्ये इंजिनाचा आवाज झाकायला व्हॉल्यूम वाढवतो आणि लेक्चरला उतरल्यावर तो तिथेच राहतो. शिवाय इअरफोनमध्ये कुकरची शिट्टी नाही, "आहा" म्हणणारे आजोबा नाहीत. एका खोलीत तीस जण एकाच समेची वाट बघतात, ती वाट बघणं डाउनलोड करता येत नाही. मला लाइव्ह हवंय. म्हणून तर एवढं लिहितेय. साठाव्या वर्षीसुद्धा मला सवाईला बसून तानपुऱ्यातला तो वरचा सूर ऐकायचाय. तो कानाच्या सगळ्यात नाजूक भागात वाजतो आणि तोच भाग आधी जातो.

तेव्हा या वर्षीच्या गॅदरिंग कमिटीपुढे माझ्या मागण्या, स्पष्ट आणि स्वस्त. एक, मिक्सरजवळ साउंड लेव्हल मीटर ठेवा आणि १५ मिनिटांची सरासरी १०० च्या वर गेली की खाली आणा, हे साउंडवाल्याच्या करारातच लिहा. दोन, स्पीकरच्या पुढ्यात प्रेक्षकांना उभं करू नका, बॅरिकेड मागे घ्या आणि मुलींच्या बाजूला बाहेर पडायची वाट ठेवा. तीन, गेटवर फोमचे इअर प्लग ठेवा. एका कटिंगच्या आसपास जोडी पडते, आणि ते घातल्यावर गाणं ऐकू येतंच, फक्त बोचत नाही. चार, स्वयंसेवक आणि वॉचमनकाकांची स्पीकरजवळची ड्यूटी आळीपाळीने लावा आणि प्लग आधी त्यांना द्या. पाच, तीन दिवसांतला एक तास ड्रॉइंग हॉलमध्ये माईकशिवाय ठेवा. गिटार, बासरी, पोवाडा, अभंग, क्वायर, काहीही चालेल. ज्याला यायचं त्याने यावं आणि मोबाईल सायलेंट करून बसावं.

"पब्लिक येणार नाही" असं म्हणू नका. पहिल्या वर्षी तीस आले तरी माझ्या माडीवरच्या बैठकीएवढे झाले. मीटर मेकॅनिकलच्या लॅबमध्ये कपाटात पडून आहे, सरांशी बोलून तो तीन दिवसांसाठी आणायची जबाबदारी माझी. कमिटीने फक्त मिटिंगची तारीख सांगावी.

– टी. ई. (ई अँड टीसी)